रहेमतच्या घरचं नेट

"धम्मदीप. सगळे अक्षरं बारीक. त्याच्यापुढं ॲट. मंग एक, नऊ, पाच, सहा. आन् शेवटी टिंब!"

माणिकराव इंगळे एका बोटाने एकेक अक्षर शोधत होते आणि सापडलेलं प्रत्येक अक्षर मोठ्याने पुकारत होते. उभी नोकरी त्यांनी मेहकरच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली होती. लोणार, चिखली, जानेफळ अशी नावं भोंग्यातून पुकारून पुकारून त्यांच्या घशाला वळणच तसं पडलं होतं. कानात काही सांगायला गेले तरी ते शेवटच्या फलाटावर ऐकू जायचं. त्यामुळे घरातल्या नव्या वायफायचा पासवर्ड त्यांनी लॅपटॉपला सांगितला, तसा तो सगळ्या गल्लीलाही सांगितला.

टिंब देऊन त्यांनी बटण दाबलं. पडद्यावरचं चक्र गरगर फिरलं आणि थांबलं. जोडणी होऊ शकत नाही, हे सकाळपासून दिसणारं इंग्रजी वाक्य पुन्हा एकदा दिसलं.

"नाई झालं," माणिकराव म्हणाले.

"माह्यावालं तं झालं, भाऊ!" भिंतीपलीकडून शेजारच्या तानुबाईंचा आनंदी आवाज आला. "लय जोरात पळून राह्यलं!"

माणिकरावांच्या पत्नी, सुवर्णाबाई, कणीक मळता मळता दारात आल्या. "साऱ्या गावाले नेट वाटलं तुमी. आपल्याच डब्याले तेवढं भेटलं नाई."

'डबा' म्हणजे तो लॅपटॉप. मुलगा प्रसेनजित इंजिनिअरिंगला गेला तेव्हा घेतलेला. तो शिकला, बुलडाण्याच्या कॉलेजात नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, आणि हा लॅपटॉप वडिलांकडे आला. त्याची बॅटरी केव्हाच मेली होती, वायर खुपसून ठेवली तरच तो जिवंत राहायचा. झाकण एका बाजूने निखळलं होतं. चालू होताना तो असा काही घरघरायचा, की माणिकरावांना चढावर लागलेल्या जुन्या गाडीची आठवण यायची. पण चालत होता. काल संध्याकाळपर्यंत नेटही नीट घेत होता.

त्यानंतर मात्र घरात नवं यंत्र आलं होतं. सून पूनम पुण्याच्या एका कंपनीचं काम मेहकरच्या घरातूनच करायची, आणि जुन्या नेटवर तिच्या मीटिंगमध्ये साहेबांचं तोंड उघडं राहून जायचं. म्हणून तिने नवं कनेक्शन घेतलं. राजकुमार नावाचा माणूस येऊन चार शिंगांचा पांढरा राउटर भिंतीवर ठोकून गेला, आणि जाताना जुना घेऊन गेला. पूनमचा लॅपटॉप, सगळ्यांचे मोबाइल, टीव्ही, आणि आता तानुबाई, सगळे त्या शिंगांना लटकले. नाही लटकला तो फक्त डबा.

"पूनम, त्या राजकुमारले बलाव," माणिकराव म्हणाले.

राजकुमार आला. त्याने लॅपटॉप उलटा केला, सुलटा केला, आणि अदबीने विचारलं, "काका, हा अजून वापरता तुमी?"

"तुले काय वाटते, पूजेले ठेवला?"

"तसं नाई. वायफाय नाई घेत तं नाई घेऊ द्या. सरळ वायर लावून देतो. एक मिनिटाचं काम हाय." त्याने राउटरमधून एक जाड निळी वायर काढली, लॅपटॉपच्या बाजूचं भोक शोधलं आणि वायरचं टोक त्यात सारलं. ते आत जाईना. त्याने मोबाइलचा उजेड पाडून आत पाहिलं आणि एकदम मागे सरकला.

"काय झालं?"

"काका, आत घर हाय."

भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. चांगलं घट्ट, लिंपलेलं. राजकुमारने पेचकसाने टोकरलं तेव्हा मातीबरोबर भोकातल्या दोन-तीन पितळी तारांनीही मान टाकली. तो उठला आणि हात झटकत म्हणाला, "आता नवा घ्या, काका. नाई तं मोबाइलवर पाहा जे पाहायचं ते."

माणिकरावांचा मोबाइल बटणांचा होता. आणि जे पाहायचं होतं ते मोबाइलवर दिसणारं नव्हतं. त्यांना बुद्धिबळाची एक चाल करायची होती, आणि ती आज संध्याकाळी पाचच्या आत करायची होती.

पलीकडचा खेळाडू म्हणजे रहेमतुल्ला टेलर. बसस्थानकासमोर त्याचं दुकान होतं. ड्युटी संपली की माणिकराव तिथे जायचे, कापडाच्या चिंध्या बाजूला सारून दोघं पट मांडायचे. माणिकरावांचा खाकी गणवेश रहेमतने शिवायचा आणि माणिकरावांनी तो रहेमतच्याच बाकड्यावर बसून झिजवायचा, असा उभा जन्म चालला. पण रहेमतच्या मनात मधेच काय आलं कोणास ठाऊक. चालू डावातून उठायला लागला. एकदा तर माणिकराव जिंकायच्या बेतात असताना तो "आज नाई होत" म्हणून उठला. दुकानात गिऱ्हाइकं होती. माणिकराव आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "हारायले आला का याले काम आठोते!" सगळं दुकान हसलं. रहेमत हसला नाही. त्यानंतर तो बोलला नाही, आणि तो बोलत नाही म्हणून माणिकरावही बोलले नाहीत. पुढे काही दिवसांनी त्याने दुकानच बंद केलं. रेडिमेडच्या जमान्यात कोण शिवून घेतं, असं तो लोकांना सांगायचा, हे माणिकरावांच्या कानावर आलं.

नवऱ्यांचं बोलणं तुटलं तरी बायकांचं तुटलं नव्हतं. रहेमतची बायको सायरा सुवर्णाबाईंना बाजारात भेटली आणि सहज म्हणाली, की यांनी आता कॉम्प्युटरवर बुद्धिबळ सुरू केलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत प्रसेनजितने डब्यावर वडिलांचं खातं उघडून दिलं आणि हळूच रहेमतला आमंत्रण धाडलं. ते त्याच दिवशी स्वीकारलं गेलं. तेव्हापासून रोज एक चाल. एकाने केली, की दुसऱ्याने दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वाजेपर्यंत करायची. नाही केली तर तो हरला. पटाच्या बाजूला गप्पा मारायची एक खिडकी होती. ती दोघांनीही कोरी ठेवली होती.

आणि अलीकडे माणिकराव सारखे हरत होते. रहेमतचा घोडा भलताच नाठाळ झाला होता. कुठून उडी मारेल याचा नेम नाही. असे किती डाव गेल्यावर काल संध्याकाळी पाचला एकदाचा त्याचा घोडा चुकला. वजीर दोन घरं पुढे सरकवला, की रहेमतचा राजा कोपऱ्यात सापडणार होता. नेमकं त्याच वेळी घरात चार शिंगांचं यंत्र आलं.

"बाबा, माझ्या लॅपटॉपवरून खेळा ना," पूनम म्हणाली. तिने स्वतःचं काम बाजूला ठेवलं होतं. "तुमचा पासवर्ड सांगा."

"माहा पासवर्ड डब्याले माहीत हाय. मले नाई."

"मग नवा मागवू. ईमेलवर येईल."

"ईमेलचा पासवर्डबी डब्यालेच माहीत हाय."

पूनमने क्षणभर डोळे मिटले. प्रसेनजितला फोन लावला, तर तो परीक्षेच्या कामात अडकला होता, उचलेना. "ठीक आहे. माझ्या मोबाइलचं नेट लॅपटॉपला देते. ते घेईल तो."

डब्याने ते खरोखर घेतलं. सगळ्यांना हायसं वाटलं. पण त्या घरात मोबाइलला रेंज यायची ती एका काडीची, आणि तीही लाजत. म्हणून तर नवं कनेक्शन घ्यावं लागलं होतं. रेंज होती ती गच्चीवर.

"मंग गच्चीवर चाला," माणिकराव म्हणाले.

गच्चीवर जायचं, तर लॅपटॉपला वीज पाहिजे. वीज पाहिजे, तर वायर पाहिजे. मिक्सरचा लांब बोर्ड काढला, तो जिन्याच्या वळणापर्यंत पुरला. त्याला इस्त्रीचा बोर्ड जोडला, तो गच्चीच्या दारापर्यंत आला. मग दाराच्या उंबऱ्यातच स्टूल मांडून माणिकराव लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. पूनम मोबाइल उंच धरून टाकीजवळ उभी राहिली. वर मार्चचं ऊन. त्या उन्हात पडदा असा काळाकुट्ट दिसायला लागला, की त्यात माणिकरावांना फक्त स्वतःचं तोंड दिसत होतं.

"चादर आना एक!" त्यांनी खाली आरोळी दिली.

सुवर्णाबाईंनी चादर आणली आणि नवऱ्याच्या व लॅपटॉपच्या अंगावरून पांघरली. आता गच्चीच्या दारात एक फुलाफुलांचा ढीग बसला होता आणि त्यातून आवाज येत होता, "पट आला! पट आला!... मोहरे नाई आले."

"जरा थांबा, बाबा. येतील."

"घोडे आले! हत्ती आले!... राजा अजून येऊन नाई राह्यला."

तानुबाई आपल्या अंगणातून वर मान करून बघत होत्या. "सुवर्णा, भाऊले वाफ देऊन राह्यल्या का? सर्दी झाली काय?"

"हाव," सुवर्णाबाई म्हणाल्या. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

"वजीर दिसला!" चादर ओरडली. "धरतो त्याले. धरला... आता..."

आणि डब्याचा पंखा एकदम बंद झाला. खाली कोणीतरी मिक्सर लावायला बोर्ड काढला म्हणावं, तर खाली कोणी नव्हतंच. सुवर्णाबाईंनी शेगडीवर भाजी ठेवली होती, ती करपू नये म्हणून लगबगीने उतरताना त्यांचा पाय वायरीत अडकला होता. लॅपटॉप पुन्हा चालू व्हायला लागला तेव्हा पूनमच्या हातातल्या मोबाइलने जीव सोडला होता, आणि तिच्या मीटिंगची वेळ झाली होती.

माणिकराव चादरीतून बाहेर आले. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता.

"बाबा, राउटरच्या सेटिंगमध्ये काहीतरी असणार," पूनम अगदी अपराधी चेहऱ्याने म्हणाली. "पण मी आता हात लावला आणि नेट गेलं, तर माझी मीटिंग बुडेल. संध्याकाळी बघते ना. नक्की बघते."

"संध्याकाळी पाच वाजून जाईन, बाई. पन तू जा. तुहं काम मोठं हाय."

ती गेली. माणिकराव जेवायला बसले, पण घास फिरत राहिला. सुवर्णाबाईंनी भाकरी वाढली आणि भाकरीइतक्याच सहजपणे म्हणाल्या, "सायराकडे जुनंच यंत्र हाय. आपल्याकडे व्हतं तसंच. एकाच वेळी बसवलं होतं त्या राजकुमारनं. तिथं लागंन तुमच्या डब्याले."

"कोनाच्या घरी जाऊ? रहेमतच्या?"

"हाव."

"मी माह्या पायानं चालत त्याच्या घरी जाऊ, आन् त्याच्याच नेटवर त्याले हारवू?"

"मंग आपल्या घरी बसून हारा," सुवर्णाबाई म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या.

चार वाजत आले तसे माणिकराव उठले. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला, बाजाराच्या पिशवीत घातला, वर वायरचं वेटोळं ठेवलं आणि निघाले. वाटेत दोघा-तिघांनी "काय आनलं बाजारातून?" म्हणून विचारलं. त्यांनी "वांगे" असं सांगून टाकलं.

रहेमतच्या घराची पायरी त्यांनी दोन वर्षांत चढली नव्हती. दार सायराभाभींनी उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग हसू आलं, आणि मग त्यांनी ते दोन्ही पदराआड घेतलं.

"आवो, माणिकभाऊ! या ना, आत या."

"भाभी, मी बसायले नाई आलो. मले नेट पायजे. पाच मिनिटं."

रहेमत समोरच दिवाणावर बसला होता. दाढी पांढरी झाली होती, गाल आत गेले होते. आणि इतक्या उकाड्यात त्याने मांडीवर शाल घेतली होती, दोन्ही हात त्या शालीखाली. त्याने माणिकरावांकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"सायरा," तो म्हणाला, "त्याले इचार, त्याच्या घरच्या नेटले काय झालं?"

माणिकरावही भाभींकडेच बघून म्हणाले, "भाभी, त्याले सांगा, घरचं नेट लय भारी हाय. इतकं भारी का माह्या लॅपटॉपले पेलवून नाई राह्यलं."

"त्याले सांग, हारायले आले का लोकाईचं नेट असंच बिघडते."

"भाभी, त्याले सांगा, कोन हारते ते पाचच्या आत दिसंन!"

"मी काई पोस्टमन नाई," सायराभाभी म्हणाल्या. "दोघं एका खोलीत हा. दोघाईले कान हायेत." त्यांनी वायर भिंतीत लावून दिली. कपाटावर क्रोशाच्या रुमालाखाली तो जुना, दोन शिंगांचा राउटर बसला होता. "भाऊ, पासवर्ड सांगते. फक्त लिवताना पुकारू नका. मोहल्ला मोठा हाय."

माणिकरावांनी ओठ घट्ट मिटून टाइप केलं. चक्र एकदा फिरलं, आणि डब्याला नेट लागलं. जुनी ओळख पटावी तसं, काही न विचारता.

पट उघडला. माणिकरावांनी लॅपटॉप तिरपा करून पडदा रहेमतच्या नजरेआड केला.

"लपवतो काय बे?" रहेमत न राहवून थेट बोलला. "मलेच तं चाल पाठवून राह्यला!"

"पाठवल्यावर पाह्य."

माणिकरावांनी वजिरावर बोट ठेवलं, दोन घरं पुढे सरकवला आणि पाठ टेकून बसले. त्याच क्षणी रहेमतशेजारी येऊन बसलेल्या सायराभाभींच्या मांडीवरच्या टॅबमधून टुंग असा आवाज आला. तो टॅब मुलगा फहीमने जालन्याहून पाठवलेला होता. रहेमतने मान वाकवून त्यात पाहिलं. भुवया वर गेल्या. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "हत्ती मांगं घे, सायरा."

सायराभाभींनी बोट उचललं आणि तसंच धरून ठेवलं. "हत्तीनं काई होत नाई."

"अवो, मी म्हनतो ना, हत्ती घे!"

"थांबा जी." त्यांनी टॅब डोळ्यांजवळ नेला, चष्मा सारखा केला आणि बोट टेकवलं. माणिकरावांच्या पडद्यावर घोड्याने उडी मारली. राजाला शह, आणि त्याच उडीत वजीरही माऱ्यात. राजा हलवला की वजीर गेला. माणिकरावांनी डोळे चोळले. घोडा तिथेच होता.

"भाभी," ते म्हणाले, "हे तुमी केलं?"

"ह्यायचा डोया लागून जाते दुपारी. मंग चाल कोन करंन?" सायराभाभी संकोचून म्हणाल्या. "आधी हे सांगत, मी फक्त बोट लावू. मंग पाहून पाहून समजाले लागलं. घोडा मले आवडते. वाकडा चालते ना."

"म्हंजे इतके दिवस मले हारवून राह्यल्या त्या तुमी?"

"सारेच नाई, भाऊ. काई डाव ह्यायनं सोताबी खेयले."

माणिकरावांना हसावं की रडावं कळेना. एवढी गच्ची, एवढी चादर, एवढी वांगी, आणि हरायचं ते भाभींकडून! त्यांनी सगळा राग रहेमतवर काढला. "आन् तू काय बसला बे असा, पाव्हण्यासारखा? चाल बायकोनं करायची? तुले बोटं नाईत का?"

सायराभाभींनी टॅब पालथा ठेवला. काय चुकलं ते माणिकरावांना कळलं नाही, पण काहीतरी चुकलं हे कळलं.

रहेमतने शालीखालून उजवा हात काढला आणि समोर धरला. हात थरथरत होता. थंडीत थरथरतो तसा नाही. आतून कोणीतरी मशीन चालवत असावं, तसा एका लयीत.

"हे पाह्य," तो म्हणाला. "बोटं हायेत. पन माहं ऐकत नाईत."

माणिकरावांनी लॅपटॉप बाजूला ठेवला.

"औषध चालू हाय. थांबते, मंग पुन्हा सुरू होते. दुकानात असतानाच लागलं होतं. सुईत दोरा जाईना. कात्री तिरपी चाले. एका नवरदेवाचा कोट वाया गेला, त्या दिवशी शटर ओढलं." रहेमतने हात पुन्हा शालीखाली घेतला. "रेडिमेडचं सांगतलं लोकाईले. रेडिमेड काय, अजूनबी शिवतेतच लोक. आन् पटावर बसलो का मोहरा उचलल्या जाये ना. उचलला तं बाजूचे दोन पडत. मंग उठून जावं वाटे."

माणिकरावांना तो दुकानातला दिवस आठवला, आणि आपला तो आवाज. तोंडून जे आलं ते रागावल्यासारखंच आलं.

"मले काऊन नाई सांगतलं बे?"

"तुले?" रहेमतने पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "तुले सांगतलं असतं तं लोणारच्या गाडीत बसलेल्या लोकाईलेबी समजलं असतं!"

आधी सायराभाभी हसल्या. त्या हसल्या म्हणून रहेमत हसला, आणि त्याला हसताना बघून माणिकरावही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते पाणी त्यांनी लॅपटॉपच्या टॉवेलाने पुसलं. मग भाभींनी चहा केला. रहेमतचा चहा अर्ध्या पेल्यात, नळी घालून. माणिकरावांनी तिकडे पाहिलं नाही, आणि मुद्दाम पाहत नाही असंही दाखवलं नाही. त्यांनी राजा बाजूला सरकवला, भाभींनी वजीर मारला, आणि त्या डावात पुढे काही राहिलं नाही.

संध्याकाळी ते घरी पोहोचले तेव्हा पूनम दारातच उभी होती. "बाबा, सापडलं! द्या तो इकडे." तिने डबा चालू केला, दोन-चार ठिकाणी दाबलं, आणि नेट लागलं. "नवा राउटर नव्या पद्धतीचं कुलूप लावतो. तुमच्या लॅपटॉपच्या काळात ते निघालंच नव्हतं. पासवर्ड बरोबर होता, कुलूपच त्याच्या ओळखीचं नव्हतं. आता मी पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क सुरू केलंय. त्याला जुनं कुलूप ठेवलंय. आणि मुख्य पासवर्ड बदललाय. तानुबाईंना सांगू नका."

"म्हंजे मी माह्याच घरात पाव्हना?"

"हो, बाबा. पण मुक्कामी."

माणिकरावांना ते आवडलं. त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि "लय केलं, बाई," असं म्हणाले. लॅपटॉप मात्र त्यांनी लगेच मिटून ठेवला. रात्री जेवताना त्यांनी सुवर्णाबाईंना रहेमतच्या हाताचं सांगितलं. त्या घास हातात धरून ऐकत राहिल्या. सायराने एवढ्या दिवसांत त्यांनाही एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माणिकराव पुन्हा निघाले. आज पिशवीत लॅपटॉप नव्हता. बाजारातून घेतलेला लाकडी पट होता, नवाकोरा, रंगाचा वास येणारा.

"घरचं नेट लागलं म्हने," रहेमत म्हणाला. सायराभाभींना सुवर्णाबाईंचा फोन येऊन गेला होता.

"हाव. लागलं."

"मंग?"

"मंग काय? सरक तिकडे."

माणिकरावांनी मधे छोटं टेबल ओढलं, पट मांडला, दोन्ही बाजूंचे मोहरे लावले. "तू तोंडानं सांग. मी ठेवतो. माह्याबी ठेवीन, तुह्याबी ठेवीन."

"आन् चोरशीन?"

"तुह्या डोयासमोर चोरीन का?"

रहेमत सांगायला लागला. प्यादं पुढे. उंट काढ. तो नाही बे, काळ्या घरातला. माणिकराव त्याचा मोहरा उचलायचे, ठेवायचे, मग आपल्या बाजूने विचार करायचे आणि आपला ठेवायचे. एकदा त्यांनी रहेमतचा हत्ती एक घर अलीकडे ठेवला, तर रहेमतने असा गलका केला, की सायराभाभी स्वयंपाकघरातून डोकावल्या. हत्ती पुढे सरकवला गेला. त्याच हत्तीने थोड्या वेळाने माणिकरावांचा उंट मारला, आणि तो उंट पटावरून उचलून बाहेर ठेवायचं कामही माणिकरावांनाच करावं लागलं.

"सोताचा माल सोताच्या हातानं देऊन राह्यला," रहेमत खूश होऊन म्हणाला.

डाव मध्यावर आला. खोलीत उकडत होतं. रहेमत पटाकडे टक लावून बसला होता, आणि बसता बसता त्याने मांडीवरची शाल काढून बाजूला सारली. दोन्ही हात टेबलाच्या कडेवर टेकवले आणि पुढे वाकला. हात थरथरत होते. ते टेबल थरथरवत होते, आणि पटावरचे मोहरे आपापल्या घरात बारीक वाजत होते.

माणिकरावांनी चहाचे पेले टेबलावरून खाली ठेवले. डाव्या हाताचा पंजा पटाच्या कडेवर टेकवला आणि पट धरून ठेवला. रहेमतची चाल यायची होती. त्याला विचार करायला वेळ लागत होता, आणि माणिकरावांना कुठे जायचं नव्हतं.